खोगीर उतरवण्याचा हुकूम

आमच्या पलटणीत वर्षातून एकदा सगळे शहाणे ठरवून वेडे होतात. त्याला आम्ही उलटा दिवस म्हणतो. सकाळी न्याहारीच्या पावांपैकी एकात आचारी पितळी बटण घालतो. ज्याच्या दाताखाली ते येईल, तो त्या दिवसाचा कर्नल. मग तो धोबी असो, न्हावी असो, नाहीतर मोरीत भांडी घासणारा असो. खरे कर्नलसाहेब एप्रन बांधून सगळ्यांना वाढतात, मेजरसाहेब पाणी ओततात, आणि कॅप्टन मंडळी भांडी घासतात, म्हणजे निम्मी घासतात आणि निम्मी फोडतात. बटणवाला खुर्चीत बसून हुकूम सोडतो आणि तो पाळावा लागतो.

मी पलटणीचा शिंपी. मला सगळे मास्तर म्हणतात. उलट्या दिवशी हसून हसून सगळ्यांचं पोट दुखतं आणि माझी मान दुखते, कारण कर्नलसाहेबांचा जुना लाल कोट बटणवाल्याच्या अंगावर बसवायचं काम माझं. साहेब ताडमाड उंच, आणि नशीब दरवर्षी नेमकं कुणातरी वीतभर माणसाला हुडकून काढतं. बाह्या आत घ्या, खांदे आवळा, आणि दुसऱ्या दिवशी सगळं उसवून पुन्हा होतं तसं करा. कौतुक बटणवाल्याचं, सुया टोचून घ्यायच्या मी.

पण एक मानलं पाहिजे. त्या दिवशी सुटलेला हुकूम दुसऱ्या दिवशी कुणी विसरत नाही. एकदा धोब्याला बटण मिळालं. त्याने हुकूम सोडला, मेजरसाहेबांनी मिशा उतरवाव्यात आणि वर्षभर वाढवू नयेत. त्या मिशा म्हणजे पलटणीचा दुसरा झेंडाच. उतरवल्या! वर्षभर वाढवल्या नाहीत. त्यांच्या बायकोने महिनाभर त्यांच्याकडे धड पाहिलं नाही म्हणतात. न्हाव्याने एका वर्षी हुकूम दिला की आठवडाभर सकाळच्या कवायतीला बँडने अंगाई वाजवायची. वाजवली. सगळी पलटण अंगाईच्या तालावर पाय आपटत चालली. हीच गोष्ट आचाऱ्याच्या डोक्यात शिरली, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

बाईसाहेब म्हणजे आमच्याकडचं शेवटचं खेचर. एके काळी तबेला भरून खेचरं होती. डोंगरावर पाणी, दारूगोळा, जखमी माणसं, सगळं त्यांच्या पाठीवरून जायचं. मग रस्ते झाले, ट्रक आले, आणि एक एक करत तबेला रिकामा झाला. बाईसाहेब तेवढी राहिली, कारण उलट्या दिवशी बटणवाल्याची मिरवणूक तिच्या पाठीवरून निघते. उरलेलं वर्ष ती खायची आणि चावायची. चावायचीही हुद्दा बघून. कॅप्टनच्या वरचा असेल तर दात, खालचा असेल तर नुसती लाथ.

तिची निगा राखणारा मोतद्दार म्हणजे मामा. कुणाचा मामा ते कुणालाच ठाऊक नाही, पण कर्नलसाहेबसुद्धा त्याला मामाच म्हणायचे. बायको गेल्यावर लेकीने सांगून पाहिलं, बाबा, आता माझ्याकडे या. मामा म्हणाला, "मग बाईसाहेबांचं कोण बघणार?" लेक चिडली, आणि चिडणारच. खेचरासाठी बाप घरी येत नाही हे ती लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार? मामा तबेल्याला लागूनच्या खोलीत राहायचा. माझं दुकान पलीकडे. संध्याकाळी भिंतीआडून त्याचा आवाज यायचा. "पुन्हा बादली पालथी केलीस? मी काय तुझ्या बापाचा नोकर आहे?" नवीन माणसाला वाटायचं, आत नवराबायको भांडतायत.

त्या वर्षी बाईसाहेबांचा मागचा पाय बिघडला. जनावरांचा डॉक्टर आला, पाय दाबून पाहिला, स्वतःला चावून घेतलं आणि निकामी असा शेरा मारून गेला. वरून हुकूम आला, खेचर डेपोत पाठवा. डेपोत गेलेलं जनावर परत येत नाही. त्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

मामा टोपी हातात घेऊन कर्नलसाहेबांकडे गेला. म्हणाला, मी नोकरी सोडतो, तिला माझ्याबरोबर द्या. लेकीच्या घरामागे जागा आहे. कर्नलसाहेबांनी वर विचारलं. उत्तर आलं, सरकारी मालमत्ता खाजगी माणसाला देता येत नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त या वेळी जरा घुश्शात. माझ्या मते यात एवढा विचार करण्यासारखं काही नव्हतं. निकामी ठरवलेलं जनावर फुकट न्यायला एक म्हातारा तयार आहे, तर द्या की! पण आम्हा शिंप्यांचं मत सरकार विचारत नाही.

आणि ट्रक यायचा ठरला तो नेमका उलट्या दिवशी. वरच्यांना आमचा उलटा दिवस माहीत नसतो. त्यांचे बहुतेक सगळेच दिवस उलटे असतात.

आदल्या दिवशी दुपारी आचारी दुकानात आला. हात पिठाने माखलेले, चेहऱ्यावर चोरी. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, उद्याचं बटण मामाच्या पावात जाणार."

"अरे, नशिबाचा खेळ आहे तो."

"नशिबाला या वेळी मी पीठ मळायला बसवलंय. मामा हुकूम सोडेल, बाईसाहेब कुठे जाणार नाही. झालं! मेजरच्या मिशा गेल्या की नाही? अंगाई वाजली की नाही?"

"मिशा मेजरच्या स्वतःच्या होत्या," मी म्हटलं. "खेचर सरकारचं आहे."

"तुम्ही तुमचं शिवणाचं बघा," तो म्हणाला. मीही पुढे वाद घातला नाही. आतून मलाही वाटत होतं, होईल काहीतरी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमच्याकडे तर अख्खा पाव होता.

सकाळी मामाने पाव चावला, कळवळला, आणि हातावर बटण थुंकून त्याच्याकडे बघत बसला. एकच आरडाओरडा झाला. दोघांनी त्याला उचलून माझ्या दुकानात आणून उभं केलं. लाल कोट त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. मी टाचण्या लावत होतो आणि तो श्वास रोखून उभा होता.

"मामा, काय हुकूम सोडायचा ते सांगायला नको ना?"

"मास्तर, तोंडातून निघेल ना रे?" तो म्हणाला. जन्मभर त्याने एका बाईसाहेबांशिवाय कुणाला हुकूम सोडला नव्हता, आणि तिने एकही ऐकला नव्हता.

मिरवणूक निघाली. लगाम धरून पुढे खरे कर्नलसाहेब, एप्रन बांधलेले. तशी पद्धतच आहे. बाईसाहेब लंगडत होती, म्हणून बँडवाल्यांनी आपण होऊन ताल संथ केला, कुणी सांगितलं नव्हतं. मामा पाठीवर कसला बसतोय! अर्ध्या वाटेत उतरला आणि कोट सावरत तिच्या बाजूने चालायला लागला. लोक हसले. तिने मेजरसाहेबांची बाही धरली तेव्हा तर हसून लोळायची वेळ आली. मीही हसलो. दिवसच तसा असतो.

मैदानात मांडव, मांडवात ओट्यावर खुर्ची, आणि खुर्चीमागे खोगीर घातलेलं खेचर. बटणवाला "खोगीर उतरवा" म्हणेपर्यंत ते तसंच उभं राहतं. तो म्हणाला की बिगूल वाजतो आणि सगळे पुन्हा शहाणे होतात. तोवर पलटणीत कुठलंही सरकारी काम होत नाही. एवढा एकच नियम, पण तो कधी मोडलेला नाही.

कर्नलसाहेबांनी रस्सा वाढला, पाव वाढले. मग सार्जंट मेजरने आरोळी दिली, "साहेबांचा हुकूम!" आचारी माझं मनगट आवळून उभा होता.

मामा उठला. "हुकूम असा आहे," तो म्हणाला आणि अडकला. मग एकदम ओरडलाच, "बाईसाहेबांना कुठे न्यायचं नाही. ती इथेच राहणार. मरेपर्यंत!"

काय टोप्या उडाल्या! आचारी तर लहान पोरासारखा रडायला लागला. कुणीतरी ढोल बडवला. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना कर्नलसाहेबांकडे वळल्या. ते रश्शाचा डाव हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो पातेल्यात ठेवला, हात एप्रनला पुसले, ओट्याजवळ आले आणि सावधान उभे राहिले.

"साहेब," ते मामाला म्हणाले, "आज तुम्ही माझ्या खुर्चीत आहात. मला जे करता येतं ते सगळं तुम्हाला करता येईल. पण हे मला करता येत नाही. मी करून पाहिलं. ही खुर्ची एवढीच आहे."

मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. हो म्हणायला काय जात होतं? निदान एका दिवसापुरतं? म्हातारा हसला असता, जेवला असता. नंतर शांतपणे विचार केल्यावर वाटलं, खोटं बोलले असते तर मी त्यांना जास्त शिव्या दिल्या असत्या. पण त्या वेळी मात्र मी आचाऱ्याला म्हटलं, "बघ, मी म्हणत होतो." आणि म्हटल्याबरोबर माझीच मला लाज वाटली.

मामा खाली बसला. "बरं," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात ट्रकवाला आला. फाटकातून सरळ मैदानात, हातात कागद. एप्रन घातलेले साहेब, पाणी वाटणारे मेजर, हे सगळं बघून तो बावचळला. "कर्नल कोण?" त्याने विचारलं. सवयीने सगळ्यांनी मामाकडे बोट केलं. ट्रकवाल्याने गुडघ्यापर्यंतचा कोट पाहिला, कागद पाहिला, आणि डोकं खाजवलं. "सही पाहिजे. खेचर न्यायचंय."

"आज इथे सरकारी काम होत नाही," कर्नलसाहेब म्हणाले. "दिवस संपला की सही मिळेल."

"कधी संपतो?"

"साहेब म्हणतील तेव्हा." त्यांनी मामाकडे हात केला, आणि काही घडलंच नाही अशा थाटात रस्सा वाढायला निघून गेले.

मामा खुर्चीत ताठ झाला. त्याच्या ध्यानात आलं, आमच्याही आलं. हुकूम चालत नव्हता, पण दिवस त्याच्या हातात होता. तो म्हणेल तितका लांब.

मग मामाने हुकमांचा सपाटा लावला. कॅप्टनने गाणं म्हणावं. मेजरने लंगडी घालत मैदानाला फेरी मारावी. बँडने पहिल्यापासून सगळं पुन्हा वाजवावं. रस्सीखेच झाली, पुन्हा झाली. ज्या माणसाच्या तोंडातून सकाळी शब्द फुटत नव्हता, तो आता डॉक्टरला बेडूकउड्या मारायला लावत होता. हो, त्याच जनावरांच्या डॉक्टरला, तोही जेवायला आला होता. तो बिचारा मारत होता, एका शब्दाने नाही म्हणाला नाही. सुरुवातीला सगळे पोट धरून हसले. मग हसू ओसरलं, तरी कुणी उठलं नाही. ऊन उतरलं. गार वारा सुटला. बायकांनी पोरांना शालीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. मांडवात दिवे लागले. ट्रकवाला पायरीवर बसून आमच्याच चहाचे पेले रिचवत होता. कर्नलसाहेब दर थोड्या वेळाने त्याच्यासाठी आणखी एक पाठवत होते.

"रात्र काढू," आचारी माझ्या कानात म्हणाला. "उद्याही काढू. पाव आहेत भरपूर."

"आणि परवा?"

त्याने पावांची टोपली उचलली आणि वाढायला निघून गेला.

बँड जरा थांबला तेव्हा तो आवाज आला. खूर आपटल्याचा. टप, मग थोड्या वेळाने पुन्हा टप. दिवसभर मामाची पाठ तिच्याकडे होती, तोंड मैदानाकडे. आता त्याने वळून पाहिलं. बाईसाहेब दुखरा पाय टेकवायची, झटक्यात उचलायची, पुन्हा टेकवायची. सकाळपासून खोगीर पाठीवर घेऊन एकाच जागी उभी होती. पुढ्यातलं गवत तसंच पडलेलं.

मामा खाली उतरला. पायावरून हात फिरवला. तो तिला रागावला नाही.

"मास्तर," त्याने हाक मारली, "पट्टा जरा सैल करता येईल का? खोगीर न काढता?"

मी गेलो. पोटाखालचा पट्टा सोडून सैल केला. हात लावला तर कातडी घामाने ओली. ती मला चावली नाही. लाथही नाही मारली. मला शिंप्याला काय कळणार जनावरातलं, पण एवढं मलाही कळलं.

"तिला आडवं व्हायचंय," मामा म्हणाला. "खोगीर असताना होत नाही ती."

"मग काढ ना!" आचारी धावत आला. "काढ, मामा. आम्ही बघत नाही. कोण बघतंय?" आणि खरंच, ओट्याजवळचा सार्जंट मेजर पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या मागचे फिरले. कर्नलसाहेब पातेल्यात डोकं घालून काहीतरी ढवळत बसले. कधीही न मोडलेला नियम मोडायला सगळी पलटण पाठमोरी उभी होती. मला वाटलं, हा माणूस आता खोगीर काढेल, खेचर आडवं होईल, आणि दिवस चालूच राहील.

मामाने खोगिरावर हात ठेवला.

"आज निजेल," तो म्हणाला. "उद्या ट्रक तिथेच असेल. उद्या हिला पुन्हा खोगीर घालू? खोगीर नाही तर दिवस नाही. मला एक रात्र मिळावी म्हणून हिला उभी करू?" तो माझ्याशी बोलत होता की तिच्याशी, मला सांगता येत नाही. "एवढी खेचरं सांभाळली मी. दुखऱ्या पायावर कुणाला उभं केलं नाही."

मग तो ओट्यावर चढला. कोटाचं वरचं बटण लावलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "खोगीर उतरवा."

बिगूलवाल्याच्या तोंडातून पहिला सूर निघालाच नाही, नुसती हवा. दुसऱ्यांदा वाजला. आयुष्यात इतका वाईट बिगूल मी ऐकला नाही. सगळे पुन्हा शहाणे झाले.

खोगीर मामानेच उतरवलं. पाठ गवताने चोळली, पाणी पाजलं. बाईसाहेब गुडघे मोडून खाली बसली आणि आडवी झाली. कर्नलसाहेबांनी सही केली आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "जरा पडू द्या तिला." तो म्हणाला, "साहेब, मलाही उशीर होतोय." पण थांबला. वाईट माणूस नव्हता. तोच वाईट निघाला असता तर फार बरं झालं असतं, कुणावर तरी ओरडता आलं असतं.

शेवटी उठवली. ट्रकच्या फळीपाशी येऊन ती खिळली. चौघांनी ओढलं, मागून ढकललं, ती हलेना. ट्रकवाल्याने काठी काढली. मामाने त्याच्या हातातून ती काढून घेतली, बाजूला ठेवली, आणि स्वतः फळीवरून वर चढला. "चल," म्हणाला. आणि ती गेली. दुखरा पाय ओढत, एकदाही न अडता, सरळ त्याच्या मागोमाग. मामा जिथे जातो तिथे गवत असतं एवढंच तिला माहीत.

"आता तुम्ही उतरा," ट्रकवाला म्हणाला. मामा उतरला. ती वळली आणि त्याच दुखऱ्या पायाने फळीवरून खाली आली. तो पुन्हा वर गेला, ती पुन्हा वर गेली. तो उतरायला लागला, ती पुन्हा वळली. मग मामा आतच बसला, तिच्या पुढच्या पायांपाशी.

"त्यांनाही घेऊन जा," कर्नलसाहेब म्हणाले.

"डेपोत माणसाला आत सोडत नाहीत, साहेब. फाटकापर्यंतच."

मेजरसाहेब तोंड फिरवून उभे होते.

"मग फाटकापर्यंत," कर्नलसाहेब म्हणाले. "मी मागून येतो. त्यांना परत आणायला."

फळी लागली. ट्रक निघाला. वरून तिचे कान तेवढे दिसत होते, आणि आतून मामाचा आवाज येत होता. तो तिला नेहमीसारखा रागावत होता, नीट उभी राहा, अंगावर पडू नकोस, मी काय तुझ्या बापाचा नोकर आहे? अख्खी पलटण मैदानात उभी होती, बंदुका, तोफा, हुद्दे, सगळं असलेली. आम्ही ट्रक वळेपर्यंत बघत राहिलो.